पांढऱ्या कापडाचा मांडव

आमच्या उमेळ्याच्या घरासमोरची गल्ली माझ्या वडिलांनी तोंडी दिलेली आहे. कागद नाही, सही नाही, साक्षीला जे होते ते केव्हाच वर गेले. चुलतकाकाने आपली वाडी बिल्डरला दिली तेव्हा तिथे पोचायला रस्ताच नव्हता, मध्ये आमची वाडी आडवी येत होती. काका एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला, चहा प्यायला, आणि बाबांनी कुंपणाच्या आतली वीस फुटांची पट्टी त्याला देऊन टाकली. त्या पट्टीत सुपारीची झाडं होती आणि आईने लावलेला सोनचाफा होता. "मानसं यायची-जायची कुठून?" एवढंच बाबा म्हणाले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला बाबांचा फार अभिमान वाटला होता, हे आज लिहितानाही माझा जळफळाट होतो.

काकाच्या वाडीत सात मजली इमारत उभी राहिली. गल्लीच्या टोकाला आमचं बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. ते बांधकामाच्या राडारोड्याने बुजलं आणि त्यावर सोसायटीने मुलांसाठी घसरगुंडी बसवली. इमारतीखाली गाड्यांसाठी जागा होती, पण ती जेमतेम निम्म्या घरांना पुरेल एवढीच. उरलेल्यांच्या गाड्या बाबांच्या पट्टीत आल्या. आधी एक आली, मग तिला जोडीला दुसरी आली, आणि मग भिंतीला टेकून दोन्हीकडे अशी रांग लागली की मधून लहान गाडी जेमतेम अंग चोरून जायची आणि रिक्षावाले आत यायलाच तयार नसायचे. एकाने आपली जागा अडवायला पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात लोखंडी कांब उभी केली. दुसऱ्याने मोडकी सायकल साखळीने खांबाला बांधली. माझ्या आईच्या सोनचाफ्याच्या जागेवर आता कोणाचा तरी हक्काचा डबा होता.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. गेली कित्येक वर्षं चालवून घेतलंच होतं. माझी लहानशी गाडी अंगणात असायची, दुपारच्या शाळेत शिकवायला मी चालत जायची. गेट उघडायची वेळ महिन्यातून दोनदा यायची, तेव्हा आवाज दिला की कोणीतरी कुरकुरत गाडी मागे घ्यायचं. पण बाबांच्या किडन्या गेल्या आणि सगळं बदललं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी आठ वाजता वसईतल्या डायलिसिस सेंटरला खुर्चीवर बसायचं, बारापर्यंत रक्त गाळून घ्यायचं. उशीर झाला तर मशीन थांबत नाही, मागचा पेशंट ठरल्या वेळी येतोच, त्यामुळे आपले चार तास कापले जातात. कापले गेले की अंगातलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, मग छाती भरते. तिथल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, बाकी काय चुकलं तरी चालेल, वेळ चुकवू नका." बाबांना वीस पावलांच्या वर चालवत नव्हतं. म्हणजे गाडी पायरीशीच लागायला हवी होती, आणि ती सव्वासातला गेटबाहेर पडायला हवी होती. आठवड्यातून तीन वेळा, फक्त पंधरा मिनिटं, मला माझं गेट मोकळं हवं होतं. माझी मागणी एवढीच होती.

गेटसमोर उभी राहायची ती पांढरी मोठी गाडी. मालक दुसऱ्या मजल्यावरचा, सातिवलीला त्याचा प्लास्टिकच्या डब्यांचा गाळा. इमारतीखाली त्याची स्वतःची जागा होती, पण तिथे त्याने डब्यांची खोकी रचून ठेवली होती. माणूस बोलायला गोड. इतका गोड की भांडायला जावं आणि आपणच ओशाळून परत यावं. "ताई, बाबूजी के लिए तो कधीपण सांगा, दो मिनट में काढतो," असं म्हणायचा. त्याची ती दोन मिनिटं मी पुष्कळ अनुभवली. फोन वाजत राहायचा. मग मी जिना चढायची, बेल वाजवायची, बायको दार किलकिलं करून म्हणायची, "झोपलेत." मग किल्ली सापडायची नाही. मग तो डोळे चोळत यायचा, नमस्कार करायचा, आणि गाडीत बसून आधी फोन बघायचा. खाली बाबा अंगणातल्या खुर्चीवर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, फाइल मांडीवर घेऊन बसलेले असायचे. ते कधी घड्याळाकडे बघायचे नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि ते मला जास्त लागायचं.

गेटवर पाटी लावली. पाटीवर कोणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटले; तो म्हणाला की गल्ली सोसायटीच्या हद्दीत येत नाही, त्यामुळे त्याचा नाइलाज आहे. तीन ठिकाणी अर्ज केले. शेवटी एक हवालदार आला, भला माणूस होता, त्याने चहाही घेतला. त्याने विचारलं, "रस्ता कोणाच्या नावावर?"

"वडिलांनी दिलाय. तोंडी."

त्याने कप खाली ठेवला. "मग ही सरकारी नोंदीत गल्ली नाहीच, ताई. खाजगी जागा झाली. खाजगी जागेतली गाडी आम्ही कशी उचलायची? तुम्ही कोर्टात जा."

आत कॉटवर पडलेल्या बाबांना ते ऐकू गेलं. हवालदार गेल्यावर ते मला म्हणाले, "बाय, चूक माझी हाय." मी म्हटलं, "हो, तुमचीच आहे." डायलिसिसवरच्या माणसाला मी असं बोलले. त्या दिवसांत मी कोणालाही काहीही बोलायची. शाळेत मुलं माझ्या तासाला श्वास रोखून बसायची, आणि मला वाटायचं की मी शिस्त चांगली ठेवते.

मग मी जे केलं ते केवळ डोकं फिरलेली बाईच करू शकते. एका शुक्रवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, पांढरी गाडी पुन्हा गेटला चिकटून उभी दिसली. आदल्या दिवशीच त्याने हात जोडून शब्द दिला होता. मी घरात गेले, आई गेल्यावरही तसाच ठेवलेल्या तिच्या शिवणाच्या डब्यातून एक दाभण घेतली, आणि चारही चाकांशी उकिडवी बसून एकेकाची हवा सोडली. सुस्कारा टाकत ती गाडी खाली बसली तेव्हा मला किती दिवसांनी बरं वाटलं. मी आत येऊन बाबांना गरम भाकरी वाढली आणि स्वतःही दोन घास जास्त जेवले.

शनिवारी सकाळी सातला, मी गेट उघडायच्या आधीच, तो माणूस किल्ली हातात घेऊन खाली उभा होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, न बोलावता, वेळेवर. त्याच्या बायकोने आदल्या रात्री त्याला फैलावर घेतलं होतं म्हणे. त्याने मला नमस्कार केला, गाडीकडे वळला, आणि चाकांकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. हवा नसलेली ती गाडी आता हलणारच नव्हती, आणि माझं गेट मीच बंद करून ठेवलं होतं. त्याला कळलं ते काम कोणाचं. तो ओरडला नाही. "ताई, ये तुमने अच्छा नहीं किया," एवढं बोलला आणि पंपवाल्याला फोन लावायला लागला. पंपवाला नऊला दुकान उघडतो.

बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून दूधवाल्याने आणि इमारतीच्या वॉचमनने उचललं. गेटला चिकटलेल्या गाडीमुळे खुर्ची सरळ जाईना, म्हणून ती तिरकी करून न्यावी लागली. बाबांनी दोन्ही हातांनी फाइल छातीशी धरली होती. मोठ्या रस्त्यावर रिक्षा मिळेपर्यंत आठ वाजून गेले. सेंटरला पोचलो तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं होतं, आणि शेवटी मिळाले ते अडीच तास. रविवारी त्यांना आडवं होता येईना. भिंतीला उशा लावून बसूनच राहिले, तोंड उघडं टाकून श्वास घेत. सोमवारी त्यांचा चेहरा सुजून अनोळखी झाला होता. मी त्यांचे पाय दाबत होते आणि जिथे अंगठा टेकवावा तिथे खळगा राहत होता. हे मी केलं होतं. त्या पांढऱ्या गाडीवाल्याने नाही, मी.

मंगळवार उद्यावर आला होता. वाकडं तोंड करून तो माणूस गाडी पुन्हा तिथेच लावून गेला होता, आणि आता त्याच्याकडे मागायला मला तोंड नव्हतं. तेव्हा मला मांडव आठवला.

आमच्या गल्लीत कोणाचंही ऐकलं जात नाही, पण मांडवाचं ऐकलं जातं. इमारतीत हळद असो, साखरपुडा असो, आदल्या दिवशी बांबू पडले की न सांगता गाड्या निघतात. सिमेंटचे डबेसुद्धा हलतात. मांडवाच्या जागेवर गाडी लावायची कोणाची छाती होत नाही. मी आगाशीच्या मांडववाल्याला फोन केला, आमच्या घरची सगळी कार्यं त्यानेच केलेली. म्हटलं, "चार खांब, वर कापड. गेटसमोर. आज संध्याकाळपर्यंत."

"कार्य काय हाय?"

"काही नाही. साधाच घाल. कापड कुठलंही चालेल."

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "बरं, बाय. तू कायपन काळजी करू नको. मी बघतो." मी दुपारच्या शाळेत गेले. परत आले तेव्हा तो काम उरकून गेला होता, आणि मी थकून इतकी चूर होते की नुसतं एवढंच पाहिलं की पांढरी गाडी गेली आहे आणि गेटसमोर खांब उभे आहेत. वर काय रंगाचं कापड आहे ते मी पाहिलंच नाही. ओट्याखाली रचलेल्या खुर्च्यांकडेही माझं लक्ष गेलं नाही.

मंगळवारी पावणेसातला बाहेर माणसांची चाहूल लागली. दार उघडलं तर अंगणात चपलांचा ढीग. गेटबाहेर पांढरं कापड, त्याखाली दोन्ही बाजूंना ओळीने खुर्च्या, आणि खुर्च्यांवर अख्खी इमारत. बायकांच्या डोक्यावर पदर. सेक्रेटरी हात पुढे बांधून उभा. चुलतकाकू पहिल्या ओळीत, मांडीवर पिठलं-भाताचा डबा, कारण अशा घरात त्या दिवशी चूल पेटवायची नसते. तळमजल्यावरच्या बाईने चहाची किटली आणली होती. पांढऱ्या गाडीचा मालक आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला होता आणि त्याचे डोळे खरोखर ओले होते. त्याच्या हातातल्या फोनवर मला बाबांचा फोटो दिसला, सोसायटीच्या गणपतीला आरती करतानाचा. खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची ही लांबलचक रांग.

आजारी माणसाचं घर. पांढरं कापड. खुर्च्या. मी कोणाला दोष देणार? काकू उठून मला मिठी मारायला आली आणि म्हणाली, "कधी झालं गं? मला तरी बोलवायचं."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. बाबा स्वतःच निघाले होते, कारण सात वाजून गेले होते आणि मी त्यांना न्यायला आत गेले नव्हते. सुजलेला चेहरा, इस्त्रीचा सदरा, काखेत फाइल. ते दारात उभे राहिले आणि सगळा मांडव एकदम उठून उभा राहिला. कोणीतरी देवाचं नाव घेतलं. काकू मटकन खाली बसली.

बाबांनी माणसांकडे पाहिलंच नाही. ते गल्लीकडे बघत होते. या टोकापासून त्या घसरगुंडीपर्यंत एकही गाडी नव्हती. डबे नव्हते, सायकल नव्हती. वीस फुटांची ती पट्टी सकाळच्या उन्हात सरळ पडलेली होती आणि ती एवढी रुंद आहे हे मीसुद्धा विसरून गेले होते. बाबा दोन पायऱ्या उतरले, रिकाम्या खुर्चीवर टेकले, दम घेतला. मग पांढरं कापड पाहिलं, लोकांच्या हातातले हार पाहिले, आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी पांढऱ्या गाडीवाल्याकडे मान वळवली.

"म्हंजे काढता येतात गाड्या," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवीन काहीतरी कळल्यासारखं ते बोलले. मी गाडी अंगणातून काढली, पायरीशी लावली, त्यांना बसवलं, आणि मांडवाखालून, माझ्याकडे बघत उभ्या असलेल्या त्या सगळ्यांच्या मधून, सरळ मोठ्या रस्त्याला लागले. आठला दहा मिनिटं कमी असताना बाबा आपल्या खुर्चीवर होते. वाटेत मी रडत गाडी चालवत होते आणि त्यांची माफी मागत होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रडतेस कशाला? बरं झालं. मेल्यावर मला काय दिसनार होतं?"

बुधवारी सोसायटीचं पत्र आलं. मी खोटी बातमी पसरवून रहिवाशांच्या भावनांशी खेळले, असं त्यात लिहिलं होतं. मी कुठलीही बातमी पसरवली नव्हती, पण हे कोणाला सांगू? ज्या माणसांना स्वतःचे खरे अश्रू फुकट गेल्यासारखे वाटतात, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. पांढऱ्या गाडीवाल्याने माझ्याशी बोलणं सोडलं. गाडी मात्र सोडली नाही, ती गुरुवारी परत गेटसमोर होती. आता "दो मिनट" म्हणायलाही कोणी खाली येत नव्हतं. पुढचे चार महिने बाबांना खुर्चीवर बसवून, तिरकं करून, मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. वॉचमन आणि दूधवाला येत राहिले, त्यांना मी काय म्हणू. कधी चार तास मिळाले, कधी तीन. बाबा दर वेळी थोडे हलके होत गेले आणि खुर्ची उचलणं सोपं होत गेलं.

ते गेले एका रविवारी, दुपारी, दोन चमचे पेज खाऊन. मी आगाशीला फोन केला. मांडववाला आला, त्याने तेच खांब उभे केले, तेच कापड ताणलं, आणि या वेळी मी डोकं वर करून ते पाहिलं. गल्ली गाड्यांनी भरलेली होती. इमारतीतल्यांना बांबू दिसले, कापड दिसलं, खुर्च्या दिसल्या. कोणीच उतरलं नाही.

शववाहिनी मोठ्या रस्त्यावर थांबली. उजेड असेतो न्यायचं होतं. मी दुसऱ्या मजल्यावर गेले, बेल वाजवली. त्याने दार उघडलं, मला पाहिलं, आणि थकलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, फिर से?"

खरं सांगायचं तर मला तेव्हा पाय धरता आले असते, ओरडता आलं असतं, खाली ओढून नेता आलं असतं. त्यातलं मी काहीच केलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही खरं वाटलं नसतं. बाबांच्या वाट्याला येणारी मोकळी गल्ली मी आधीच खर्चून बसले होते. मी जिना उतरले.

तिरडी गेटमधून निघाली आणि पांढऱ्या गाडीशी अडली. मांडववाला आणि त्याची माणसं, अशा चौघांनी ती डोक्यावर उचलली, बॉनेटच्या वरून पलीकडे घेतली, मग तिरकी केली. मी पुढे मडकं घेऊन चालले होते. बाईने स्मशानात जायचं नसतं असं कोणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर त्याचं काय झालं असतं मला माहीत नाही. वर बाल्कन्यांमधून कोणीतरी पाहिलं, किंचाळलं, दारं वाजली, जिन्यावर धावाधाव झाली. कोणीतरी किल्ली, किल्ली म्हणत होतं. तोवर आम्ही मोठ्या रस्त्यावर पोचलो होतो.

परत आले तेव्हा गल्ली टोकापर्यंत रिकामी होती. सिमेंटचे डबेही नव्हते. पांढऱ्या गाडीचा मालक मांडवाच्या खांबाला धरून एकटाच उभा होता. मी त्याच्या बाजूने आत गेले. त्याच्यावर रागवायचं माझ्यात त्राण नव्हतं, आणि माफ करायचंही नव्हतं.

मंगळवारी सकाळी सहाला मला आपोआप जाग आली. सव्वासातला मी गेट उघडलं, बाबांना ज्या प्लास्टिकच्या खुर्चीतून न्यायचो तीही मागे ठेवली, गाडीत बसले. गाडी बाहेर काढायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.